बाईंचं गाणं ऐकूया

दुपारची भांडी आवरून झाली असतील. कुणी शेंगा फोडत बसलं असेल, कुणी शिलाई मशीनवर असेल, कुणी रानातून येऊन नुकतीच टेकली असेल. हात चालू राहू देत. आम्हाला फक्त तुमचे कान हवेत.

मागच्या महिन्यात आपण भजनांचा कार्यक्रम केला. त्यानंतर एका मैत्रिणीचा फोन आला. त्या म्हणाल्या, "भजनं छानच झाली. पण शेवटी तुम्ही पाच मिनिटं शास्त्रीय गाणं लावलंत, ते आमच्या सासूबाईंना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, हे नुसतं आऽऽ आऽऽ काय चाललंय?" आम्ही सगळ्या हसलो. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मला थोडं कळलं. मी लहानपणी शिकत होते. मध्यमेपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. लग्नानंतर पेटी माळ्यावर गेली, ती गेलीच."

फोन ठेवल्यावर आमचं हसू मावळलं. आमच्या गटातल्या तिघींची गोष्टही थोड्याफार फरकाने हीच आहे. एकीला सांगितलं गेलं, "तुझा आवाज बाईसारखा नाही, तू गाऊ नकोस." दुसरीला, "गाणंबिणं आपल्या घरात चालत नाही." तिसरीला कुणीच काही सांगितलं नाही, तिला नुसता वेळच मिळाला नाही.

म्हणून आजचं बोलणं दोन्हींसाठी आहे. सासूबाईंच्या प्रश्नासाठी आणि सुनेच्या माळ्यावरच्या पेटीसाठी. त्याकरता आम्ही तुम्हाला चौघींची ओळख करून देणार आहोत. हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि गंगूबाई हनगल. उत्तर हिंदुस्थानी संगीतातल्या या चार थोर गायिका. चौघींच्या नावात एक शब्द सारखा आहे, तो म्हणजे 'बाई'. तिथूनच सुरुवात करू.

बाई म्हणजे कोण?

आपल्या मराठीत 'बाई' हा मोठा गमतीचा शब्द आहे. शाळेत शिकवणाऱ्या त्या बाई. त्यांच्या नावाने आपण आजही उभ्या राहतो. घरकामाला येते तीही बाई, आणि नवल वाटलं की तोंडातून निघतं तेही "अगं बाई!" शब्द एकच, पण मान जागेप्रमाणे बदलतो.

गाण्याच्या क्षेत्रात त्याचा मान कसा होता, हे गंगूबाई हनगल यांनी अगदी नेमकं सांगितलं होतं. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा : गाणारा पुरुष मुसलमान असेल तर तो उस्ताद होतो, हिंदू असेल तर पंडित होतो. केसरबाई आणि मोगूबाई मात्र बाईच राहतात.

असं का झालं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी 'चांगल्या घरच्या' म्हणवणाऱ्या बायकांनी चारचौघांत गाणं निषिद्ध होतं. ज्या गात, त्या देवळाच्या सेवेशी बांधलेल्या किंवा पिढीजात गाण्यावर उपजीविका करणाऱ्या घरांतल्या. गोव्यात कलावंत, कर्नाटकात देवदासी, उत्तरेत तवायफ. या बायकांनी गाणं सांभाळलं, वाढवलं. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने आपल्याकडची पहिली मोठी ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा यंत्रासमोर उभं राहून गाणाऱ्यांत गौहर जान यांचं नाव पुढे होतं. त्या भोंग्याला घाबरून काही उस्ताद दूर राहिले, पण बायका पुढे आल्या.

गाणं सगळ्यांना हवं होतं, गाणारी मात्र उंबऱ्याबाहेर. आज आपण रेडिओवरून बोलतोय, म्हणून रेडिओचीही एक गोष्ट सांगायला हवी. १९४६च्या सुमारास सरकारी रेडिओने असं धोरण घेतलं की, ज्यांचं खासगी आयुष्य बदनाम समजलं जातं अशांना गायला बोलवायचं नाही. उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या किती गळ्यांवर त्याने दार लागलं असेल, याचा विचार करा. ज्या माध्यमातून तुम्ही आम्हाला ऐकता आहात, त्याचाही हा इतिहास आहे.

मिरजेच्या हिराबाई

आमच्या गावापासून मिरज एसटीने तासाभरावर. मागच्या हिवाळ्यात आमचा गट तिथे गेला होता. मिरजेत सतार आणि तानपुरे करणाऱ्या कारागिरांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तानपुऱ्याचं खालचं गोल अंग म्हणजे वाळवलेला भोपळा असतो, हे आमच्यातल्या निम्म्याजणींना तिथे कळलं. एका कारागिराने चार तारा छेडून दाखवल्या. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, आणि शेवटची खालच्या सप्तकातल्या 'सा'ची. तिला खर्ज म्हणतात. तारा एकामागून एक छेडत राहिलं की खोलीभर एक गुंजन पसरतं.

[या ठिकाणी कार्यक्रमात तानपुऱ्याचा आवाज ऐकवला होता.]

हे गुंजन म्हणजे गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन. गाणारी कुठेही फिरून आली तरी तिला याच 'सा'शी यायचं असतं. सासूबाईंना सांगा, गाणं सुरू झालं की आधी हा तानपुरा ऐका. पुढचं सगळं त्याच्या नात्यातून कळतं.

याच मिरजेत १९०५ साली हिराबाईंचा जन्म झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. मुलीचं पहिलं नाव चंपाकली. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावं बदलली. चंपाकलीची हिराबाई झाली, तिच्या मोठ्या भावाचे सुरेशबाबू झाले, धाकट्या सकीनाची सरस्वतीबाई झाली. एका आईने पाच मुलांसकट नवं आयुष्य उभं केलं आणि त्यातून महाराष्ट्राला एकाच घरातले इतके गळे मिळाले. हिराबाई सुरेशबाबूंकडे शिकल्या, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडेही शिकल्या.

हिराबाईंनी काय केलं? त्या बसल्या. ऐकायला साधं वाटतं ना? तोवर गाणाऱ्या बाईचा कार्यक्रम म्हणजे कुणा धनवंताच्या दिवाणखान्यातली बैठक. तिथे तिच्या गळ्याइतकंच तिच्या अदांकडे, हातवाऱ्यांकडे लक्ष. हिराबाई साध्या साडीत, शांत चेहऱ्याने, गायक मंडळी बसतात तशा रंगमंचावर बसल्या आणि नुसतं गायल्या. तिकीट लावून शास्त्रीय गाण्याचा जाहीर कार्यक्रम करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं.

तिकिटाचं महत्त्व लक्षात घ्या. तिकीट काढून येणारा माणूस यजमान नसतो. त्याला खुर्ची मिळते, गाणारीवर हक्क मिळत नाही. शिवाय तिकीट काढून बायकाही येऊ शकतात. घरंदाज म्हणवणाऱ्या बायका नवऱ्यासोबत, मुलींना घेऊन गाण्याला जाऊ लागल्या, त्यात हिराबाईंचा मोठा वाटा आहे. मुलींना वाटू लागलं, असं बसून आपल्यालाही गाता येईल.

त्यांचं गाणं किराणा घराण्याचं. घराणं म्हणजे गाण्याची एक रीत, गुरूकडून शिष्याकडे आलेली. एकच पुरणपोळी, पण विदर्भातली वेगळी, आपल्याकडची वेगळी, तसंच हे. किराणा हे नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावावरून पडलं. या घराण्यात एकेका सुराला फार जपतात. एक सूर लावायचा, त्यावर थांबायचं, तो पुरता उमलू द्यायचा, मगच दुसऱ्याकडे जायचं. हिराबाईंचा आवाज गोड आणि अगदी सुरेल. त्यामुळे सवय नसलेल्या कानालाही त्या पटकन आपल्याशा वाटतात.

मग ते आऽऽ काय असतं?

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. ख्यालात शब्द थोडेच असतात. दोन-चार ओळींची बंदिश असते. तिचा पहिला भाग अस्थाई, दुसरा अंतरा. अस्थाई बहुधा खालच्या आणि मधल्या सुरांत फिरते, अंतरा वर चढतो. सुरुवातीला विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला बडा ख्याल. मग जलद लयीतला छोटा ख्याल.

शब्द थोडे, कारण गोष्ट शब्दांत सांगायची नसतेच. ती रागात असते. राग म्हणजे ठरावीक सूर आणि ते सूर घेण्याची ठरावीक चाल. भूप रागात पाचच सूर आहेत : सा, रे, ग, प, ध. एवढ्या पाच सुरांवर तासभर गाता येतं. घरात तांदूळ, डाळ, मीठ एवढंच असताना ज्या बाईने महिनाभर रोज वेगळी चव काढून दाखवली आहे, तिला हे समजायला अवघड जाऊ नये.

शब्द बाजूला ठेवून 'आ'कारात सूर उलगडत नेणं म्हणजे आलाप, आणि तेच सूर वेगाने, माळेसारखे ओवून घेणं म्हणजे तान. बाळाला खांद्यावर घेऊन झोपवताना आपण काय करतो? शब्द संपतात आणि नुसतं गुणगुणणं उरतं. बाळाला ते पुरतं. तेव्हा आपणही "आऽऽ"च करत असतो.

आणि एक गोष्ट कानात ठेवा. तबला ऐका. तीनतालात सोळा मात्रा असतात. सोळा मोजून झाल्या की पुन्हा पहिली येते, तिला सम म्हणतात. गाणारी कितीही लांब गेली तरी समेवर नेमकी येते, आणि समोर बसलेल्यांची मान आपोआप हलते. ज्यांनी जात्यावर दळलं आहे त्यांना हे सांगायलाच नको. खुंटा फिरून आपल्यापाशी येतो तेव्हाच ओवीचा जोर पडतो. सम तीच.

अंतराळात गेलेल्या केसरबाई

केसरबाईंचा जन्म १८९२चा, गोव्यात फोंड्याजवळच्या केरी गावातला, कलावंतांच्या घरातला. आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे आठ महिने शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे, बरकतउल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशा वेगवेगळ्या गुरूंकडे तुटक तुटक शिकणं झालं. गुरू कधी गाव सोडून जायचे, कधी तालीम थांबायची. तालीम म्हणजे गुरूसमोर बसून घेतलेलं शिक्षण. तुटक शिकणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९२१ साली त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला. गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटावर बांधलेला दोरा, नात्याची खूण. केसरबाई तेव्हा तिशीला टेकल्या होत्या. लोक त्यांना गायिका म्हणून ओळखत होते. तरी आधी शिकलेलं बाजूला ठेवून त्यांनी नव्याने सुरुवात केली आणि खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली. तिशीत पुन्हा सुरुवात! माळ्यावर पेटी असलेल्या मैत्रिणींनी हे वाक्य दोनदा ऐकावं.

अल्लादिया खाँ जयपूर-अत्रौली घराण्याचे. बरीच वर्षं ते कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी होते, म्हणून हे घराणं आपल्या भागात इतकं रुजलं. या घराण्याची रीत किराण्याहून वेगळी आहे. इथे सूर आणि लय सतत हातात हात घालून चालतात. तान सरळ न जाता वळणं घेत जाते, आणि कधी कधी दोन राग एकमेकांत विणलेले असतात. त्यांना जोडराग म्हणतात. ऐकणाऱ्याला सतत वाटतं, आता ही कुठे वळणार?

केसरबाईंचा आवाज मोठा, भरदार. त्या समोर आल्या की सभागृह गप्प होई. मानाच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. ध्वनिमुद्रणांबद्दलही नाखूश, म्हणून त्यांचं गाणं आज थोडंच उपलब्ध आहे. लोक त्यांना तापट म्हणत. आम्हाला वाटतं, हीच गोष्ट एखाद्या उस्तादाने केली असती तर लोक म्हणाले असते, काय शिस्त आहे! रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. १९४८ साली कोलकात्याच्या रसिकांनी त्यांना 'सुरश्री' म्हणून गौरवलं. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आणि आता नवलाची गोष्ट. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. कधी काळी दुसऱ्या कुणा जिवांना ती सापडली, तर पृथ्वीवर कोण राहत होतं हे कळावं म्हणून. त्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. आणि जगभरातल्या संगीताचे २७ तुकडे आहेत. त्यात भारतातला तुकडा एकच, केसरबाईंनी गायलेली भैरवी. साधारण साडेतीन मिनिटांची. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई वारल्या. आज ती यानं सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेली आहेत. ज्या घरातल्या बायकांना इथे उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्या घरातल्या बाईचा आवाज साऱ्या पृथ्वीच्या वतीने बोलतो आहे.

पाण्याखालच्या गावच्या मोगूबाई

याच अल्लादिया खाँसाहेबांच्या दुसऱ्या थोर शिष्या म्हणजे मोगूबाई. जन्म १९०४चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. आता ते गाव नाही. साळावली धरण झालं आणि कुर्डी पाण्याखाली गेली. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव काही दिवस वर येतं. पायवाटा, घरांचे चौथरे, देऊळ दिसू लागतं. जुने गावकरी तिथे जमतात. मोगूबाईंच्या घराची जागाही तेव्हा उघडी पडते.

मोगूबाईंची आई जयश्रीबाई. मुलगी गायिका व्हावी ही त्या माउलीची इच्छा. तिने मुलीला नाटक मंडळीत ठेवलं, कारण तिथे गाणं शिकायला मिळे. पण मोगूबाई लहान असतानाच आई गेली. पुढे त्या सांगलीला आल्या. तिथली गोष्ट अशी सांगतात की, त्या घरात रियाज करत आणि रस्त्याने जाणारे एक वृद्ध गृहस्थ थांबून ऐकत. एके दिवशी ते घरात आले आणि शिकवतो म्हणाले. ते कोण, हे मोगूबाईंना ठाऊकच नव्हतं. ते अल्लादिया खाँ होते.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमा झाला असता. तसं झालं नाही. खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाई त्यांच्या मागे गेल्या, पण तालीम तुटली. मग आग्रा घराण्याचे बशीर खाँ, विलायत हुसेन खाँ, मग अल्लादिया खाँ यांचे धाकटे बंधू हैदर खाँ, अशी दारं बदलत त्या शिकत राहिल्या. शेवटी १९३४च्या सुमारास अल्लादिया खाँ यांची तालीम रीतसर मिळाली. सांगलीतल्या त्या भेटीनंतर दहा-बारा वर्षांनी. तोवर त्यांना मूलही झालं होतं. पती लवकर गेले. पदरात लहान मुलं, हातात फक्त गाणं.

मोगूबाई लयीच्या फार पक्क्या. अवघड तालात त्या सहज फिरत, आणि मांडणी अशी आखीव की कुठे काही सांडत नाही. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २००१ साली, वयाच्या ९६व्या वर्षी त्या गेल्या.

हुबळीच्या गंगूबाई आणि तो आवाज

मिरजेहून रेल्वेने दक्षिणेला गेलं की पुढे हुबळी येते. गंगूबाईंचा जन्म १९१३चा, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा अकरा वर्षांच्या गंगूने स्वागतगीत गायलं. पुढे त्यांनी आठवण सांगितली आहे की, गाण्याची त्यांना भीती नव्हती. भीती जेवणाची होती. आपली जात पाहून आपल्याला पत्रावळी उचलायला तर लावणार नाहीत ना? इतक्या मोठ्या सभेत गाणाऱ्या मुलीच्या मनात हे होतं.

त्यांचे गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य, त्यामुळे गंगूबाई आणि हिराबाई एकाच किराणा घराण्याच्या. गुरू कुंदगोळला, घर हुबळीला. गंगूबाई रेल्वेने ये-जा करून शिकल्या. भीमसेन जोशीही तेव्हा तिथेच शिकत होते. भीमसेन मुलगे, ते गुरूच्या घरी राहून शिकू शकले. गंगूबाईंना मुलंबाळं होती, घर चालवायचं होतं. त्यांना गाडीची वेळ पाहावी लागे.

आता आमच्या गटातल्या त्या मैत्रिणीसाठी, जिला "तुझा आवाज बाईसारखा नाही" असं सांगितलं गेलं. गंगूबाईंचा आवाज सुरुवातीला बारीक होता. १९३२च्या सुमारासच्या त्यांच्या जुन्या तबकड्यांवर तसा ऐकू येतो. मग घशाचा त्रास झाला, टॉन्सिलवर उपचार झाले आणि आवाज उतरला. जाड, खोल, पुरुषी वाटावा असा झाला. दुसरी कुणी गाणं सोडून बसली असती. गंगूबाईंनी त्याच आवाजात गाणं उभं केलं, आणि पुढे लोक त्या आवाजासाठीच येऊ लागले. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २००९ साली गेल्या, तेव्हा त्यांनी डोळे दान केले होते.

[या ठिकाणी गंगूबाईंच्या आलापाचा छोटा भाग ऐकवला होता.]

ऐकलात? हा बाईचाच आवाज आहे. बाईचा आवाज कसा असावा, हे ठरवणारे आपण कोण?

बाईंच्या ताई झाल्या

मोगूबाईंची मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. लहानपणी आईमागे तानपुरा घेऊन बसताना तिने पाहिलं की, आईच्या गाण्याला वाहवा मिळते, पण आईला वागणूक तशी मिळत नाही. किशोरीताईंनी हे मुलाखतींतून स्पष्ट सांगितलं आहे. आईची तालीम कडक. आई एखादी जागा दोनदा गाऊन दाखवी, तेवढ्यात ती उचलायची. ऐन तारुण्यात किशोरीताईंचा आवाज काही काळ गेला होता. तो परत आला तेव्हा त्यांनी आईच्या घराण्याचं गाणं स्वतःच्या वाटेने नेलं. त्यांचा भूप ऐकलेली व्यक्ती तो विसरत नाही. मानाच्या बाबतीत त्याही फार कडक होत्या. त्यामागे तानपुऱ्याआडून आईकडे पाहणारी मुलगी होती, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

एक गंमत पाहा. मोगूबाईंची मुलगी 'किशोरीबाई' झाली नाही, किशोरीताई झाली. हिराबाईंच्या शिष्या प्रभा अत्रे प्रभाताई झाल्या. विज्ञान आणि कायदा शिकलेल्या, विद्यापीठात संगीत शिकवणाऱ्या, पुस्तकं लिहिणाऱ्या प्रभाताई. २०२४च्या जानेवारीत, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या. मालिनीताई राजूरकर, वीणाताई सहस्रबुद्धे, अश्विनीताई भिडे-देशपांडे. एका पिढीत बाईची ताई झाली. आता नावापुढे 'विदुषी' लावतात. शब्द बदलला, कारण मधल्या बायकांनी जागा बदलली. आधीच्या चौघी बसल्या, म्हणून पुढच्यांना आपल्या घरातून उठून गाण्याला जाता आलं.

पण आम्हाला 'बाई' हा शब्द टाकून द्यावासा वाटत नाही. शाळेतल्या बाईंसमोर आपण जशा उभ्या राहतो, त्या अर्थाने तो परत घ्यावासा वाटतो. केसरबाई म्हणताना तोच मान मनात असू द्या.

आता आपण काय करायचं?

थोर गायिकांचा गौरव म्हणजे फोटोला हार घालणं नव्हे. ऐकणं हाच गौरव. त्यासाठी पैसे लागत नाहीत. मोबाइलवर या सगळ्यांचं गाणं सापडतं. सुरुवात हिराबाईंपासून करा, सर्वांत सोपी वाट तीच. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं ऐका. फक्त तानपुरा आणि आवाज यांचं नातं ऐका, बाकी काही कळलं नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तेच गाणं पुन्हा लावा आणि तबल्यावर सम कुठे येते ते शोधा. तिसऱ्या दिवशी बंदिशीचे शब्द पकडा. नवीन गाणं रोज लावू नका, एकच आठवडाभर ऐका. ओळख वाढली की माणूस आवडतो, तसंच आहे हे. मग केसरबाईंची भैरवी ऐका आणि रात्री अंगणात उभं राहून वर बघा.

घरात गाणारी मुलगी असेल तर तिची परीक्षा, तिचा क्लास शाळेच्या अभ्यासाइतकाच धरा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं सर्वसामान्य घरांपर्यंत जावं म्हणून. आज तालुक्याच्या गावीही गांधर्वच्या परीक्षा देता येतात. मात्र परीक्षा पास होणं आणि गाणं चालू राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्न ठरवताना नोकरीबद्दल विचारतो तसं हेही विचारा : हिचं गाणं चालेल ना?

आणि ज्यांची पेटी माळ्यावर आहे त्यांना आम्ही एवढंच सांगतो. फोन करणाऱ्या त्या मैत्रिणीकडे आम्ही परवा गेलो होतो. पेटी खाली काढली. भाता एका बाजूने फाटलाय, तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, आत झुरळांनी संसार थाटला होता. सासूबाई शेजारी बसून सगळं बघत होत्या. पेटी दुरुस्तीला मिरजेला न्यायची ठरलं. तोवर काय करायचं, असं आम्ही विचारलं. त्यांनी मोबाइलवर तानपुरा लावला, डोळे मिटले आणि 'सा' लावला. पहिला हलला. दुसरा जरा बरा लागला. तिसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, "हां, आता जुळला."

मैत्रिणींनो, ज्यांना काही कळत नव्हतं त्या हे म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात आपण मिरजेच्या वाद्यं करणाऱ्या घरांतल्या बायकांशी बोलणार आहोत. तुमच्या माळ्यावर काय आहे ते आम्हाला नक्की कळवा. तोवर नमस्कार.